समासातली पेन्सिल

भांगेच्या रोपांची पाण्यातली मुळं तपकिरी पडली, तेव्हा मार्गदर्शक सरांनी मृण्मयीला ग्रंथालयातली तीन पुस्तकं वाचायला सांगितली. संशोधनाचा परवाना मेअखेर संपत होता. त्याआधी बी धरलं नाही, तर दोन वर्षांचं काम वाया.

पहिलं, वनस्पतिशास्त्राचं. समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं: नर रोप चित्रातल्यासारखं ओळखू येत नाही, पेरापाशी बघ.

दुसरं, पैदाशीचं. तिथं: घाई नको, मी केली होती.

तिसरं, पाण्यावरच्या शेतीचं. पाणी वीस अंशांवर ठेवा, असं छापलेलं. शेजारी पेन्सिल चिडलेली: विदर्भात येऊन ठेवून दाखव! टाकीला ओलं गोणपाट गुंडाळ.

तिनं गुंडाळलं. नवव्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं फुटली.

"सर, काय भारी टिपणं आहेत तुमची!"

"माझी? पुस्तकात लिहिलं तर ग्रंथपाल खापरे मॅडम मला सोलून काढतील."

पुस्तक परत घेताना खापरे मॅडम नेहमीप्रमाणे पान न् पान तपासू लागल्या. टेबलावरच्या कार्डांवर त्यांचं डावीकडे कललेलं अक्षर होतं. मृण्मयी बघतच राहिली. समासातलंही तेच.

"मॅडम, तुम्ही?"

"मीही भांगेवरच काम करायचे. आमचा परवाना मध्येच रद्द झाला. टाक्या भंगारात गेल्या, मी इथं आले." मग त्या एका पानावर थांबल्या. त्यांच्या ओळीखाली नवी ओळ होती: गुंडाळलं, नऊ दिवसांत मुळं पांढरी.

"पुस्तकात लिहिलंस?"

"तुमच्या ओळीखाली."

मॅडमनी सवयीनं खोडरबर उचललं. ते खाली ठेवून त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"तारीख टाकायची राहिली."