बोलका वाल्व

संघमित्रा विहाराच्या आतल्या खोलीत जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनच्या पाठीत डोकं घालून बसली होती. मागची फळी काढलेली, आत जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे वाल्व नारिंगी पेटलेले, आणि ऑर्गनचा स्पीकर बाहेर हॉलमध्ये सकाळपासून नुसता घुंऽऽ करत होता. संध्याकाळी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम. ऑर्गन म्हातारे नाना वाजवणार होते, दर वर्षीसारखे.

"नाना, तुम्ही स्पीकरपाशी बसा. मी बघते," असं तिने सांगून टाकलं होतं. दहावीतली पोरगी, पण थाट ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरचा. नाना मुकाट बाहेर जाऊन बसले होते, हार ओवणाऱ्या कमलाबाईंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या शेजारी.

व्हिडिओ बघून बघून तिला सगळं पाठ होतं. पेन्सिलीने एकेक वाल्व हळूच ठोकायचा. जो स्पीकरमध्ये खणकेल तो खराब.

टक. काही नाही. टक. काही नाही.

"होईल ना गं?" मैत्रीण दर्शना टॉर्च धरून उभी होती.

संघमित्रा कोपऱ्यातल्या शेवटच्या वाल्वकडे वाकली. नाक काचेला लागेल इतकी.

"नाही झाला तर बरंच," ती कुजबुजली. "नानांची बोटं बघितलीस? दुसऱ्या कडव्यात गाडी घसरतेच. माझ्या मोबाइलमध्ये ट्रॅक आहे. याची स्पीकरला जाणारी वायर काढून ठेवू. ते बसतील वाजवत, लोक ट्रॅक ऐकतील. त्यांना काय कळतंय, तसंही ऐकू कमीच येतं."

दर्शना हसली नाही. ती दाराकडे बघत होती.

बाहेर पताका लावणाऱ्या पोरांचा गलका थांबला होता. आणि 'ऐकू कमीच येतं' हे संघमित्राला दोनदा ऐकू आलं होतं. एकदा स्वतःच्या तोंडून. एकदा हॉलमधून, खरखरीत, मोठ्याने.

नाना आत आले. हातात रुमालात गुंडाळलेला दुसरा वाल्व.

"सापडला," ते म्हणाले. "बोलका झालाय तो. जुना झाला की होतो तसा. जवळ जे बोलाल ते बाहेर सांगतो. काढ त्याला, हा घाल."

"नाना, मी..."

"आधी बटण बंद कर. शॉक बसेल."

तिने बटण बंद केलं आणि वाल्व तसाच हाताने उपसला. बोटं भाजली.

नाना दारात थांबले. "आणि ती वायर," त्यांनी विचारलं, परवानगी मागावी तसं, "लावलेली ठेवशील ना, बाळा?"

तिने होकारार्थी मान हलवली. वर बघणं जमलं नाही.

ते गेले. दर्शनाही टॉर्च खाली ठेवून निघून गेली. संघमित्राने नवा वाल्व बसवला, बटण दाबलं आणि काच तापायची वाट बघत राहिली. हळूहळू नारिंगी उजेड पडला. तिने वाल्वला ओठ लागतील इतकं तोंड जवळ नेलं.

"नाना, चुकलं माझं."

मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"झाला गं पोरी नीट," बाहेरून कमलाबाई म्हणाल्या. "आता कसलाच आवाज येत नाही."