शिशीतला बलक

तीन वर्षं पाळणा हलला नाही, म्हणून सुंदराबाईनं लेकासाठी जळकोटची दुसरी पोरगी बघून ठेवली. सून द्रुपदा आडवी आली. "आधी ह्यांचा धातू तपासा. दोष माझा निघाला तर सवतीला हळद मीच लावते."

तिचा नवरा वैजिनाथ गुरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होता. सकाळी तिथली झाडलोट उरकली आणि भरलेली शिशी खिशात घालूनच तो दोघींबरोबर सोलापूरच्या बसमध्ये चढला.

डॉक्टरांनी शिशी तपासली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शुक्रजंतू भरपूर आहेत. पण वीर्यात फळातली साखर असते, रक्तात दुसरी साखर असते, घामात मीठ असतं. अंड्याचा बलक माणसाच्या अंगातल्या कुठल्याच पाण्यात नसतो. ह्यात आहे."

सुंदराबाई फुशारली. "असणारच की! रोज दोन अंडी चारते म्या त्याला."

वैजिनाथनं मान खाली घातली. ती बघूनच द्रुपदाला सगळं उमगलं.

"आत्याबाई, खाल्लेलं अंडं शिशीत येत न्हाय. ह्यांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य टिकावं म्हणून त्यात बलक कालवतात. ह्यांनीच सांगितलं व्हतं मला, हसत हसत."

तिनं पदर खोचला.

"जळकोटला निरोप धाडा. पोरगी द्या म्हणावं. फकस्त बाशिंग तेवढं शिंगांना बांधावं लागंल."