खाटेवरचा साहेब

खेमसिंगची पोलीस भरतीची मुलाखत उद्यावर आली होती, आणि तालीम घ्यायला तांड्यात बापाशिवाय दुसरा साहेब सापडत नव्हता. धरमसिंग पागोटं घट्ट करून खाटेवर बसला. खेमसिंगची आई मानीबाई चतुर्थीच्या उपासाची भगर निवडत होती, पण तिचा सगळा कान बापलेकाकडेच होता.

"नाव?"

"खेमसिंग धरमसिंग राठोड."

"परवाच्या राती कुठं होतास?" धरमसिंगनं डोळे बारीक केले. "कोणं पाह्यलं तुले? गाठोड्यात काय हाय?"

खेमसिंगला हसू फुटलं. "बा, मुलाखतीत असं नाही इचारत! शिक्षण इचारतात, जिल्ह्याची माहिती इचारतात."

"मले तं पोलिसानं जलमभर हेच इचारलं. तुले काहून दुसरं इचारतीन?"

मानीबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नोकरीचं नाव सांगून पोराला ठाण्यात तर बोलावत नाहीत ना?

"सरक, मीच साहेब होऊन दाखवतो," म्हणत खेमसिंग खाटेवर बसला.

धरमसिंग समोर जाऊन उभा राहिला. कुणी न सांगताच त्यानं पायातले जोडे काढले, पागोटं उतरवून काखेत धरलं आणि मान खाली घातली. खेमसिंगचं हसू मावळलं. त्यानं सरकून खाटेवर जागा केली.

"या, बसा," तो हळूच म्हणाला.

धरमसिंग एक पाऊल मागे सरकला.

"कायले, सायेब? म्या काय केलं?"