उन्हात घातलेले सिगार

लालबीनं बापूसाहेबांचे सिगार उन्हात घातले होते. बंगल्यामागच्या अंगणात बाजेवर जुनी ओढणी अंथरलेली. एका कडेला लाल मिरच्या, दुसऱ्या कडेला कुरडया, आणि मधोमध ते जाडजूड तपकिरी सिगार, जेवून आडव्या झालेल्या गड्यांसारखे. शिरूरला बहिणीकडं गेलेला तिचा नवरा इमाम नुकताच परतला होता. त्यानं ते पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अवो, पेटीला वल आली व्हती," त्याची बायको कौतुकानं सांगत होती. "वर पांढरी बुरशी धरली व्हती. पुसून काढली आन् कडक ऊन दावलं. आता कसं खडखडीत झाल्यात बघा."

तिला तरी काय बोलणार? ओल दिसली की ऊन दाखवायचं, हे दौंडातल्या कुठल्याही बाईला आईच्या पोटातून येतं. पण हा माल क्यूबाचा. त्याचा जीवच ओलीत. पेटीतला स्पंज भिजवून, पिळून इमामच ठेवायचा. पाणी टिपकायला नको आणि कोरडही पडायला नको. जाताना तो हे बायकोला सांगायला विसरला, एवढीच काय ती चूक. त्यानं एक सिगार उचलून हलकेच दाबला. तो सुक्या पाल्यासारखा कुरकुरला.

पेटी दिली होती मुंबईच्या एका बड्या अधिकाऱ्यानं, आणि तोच दोन दिवसांनी जेवायला येणार होता. बापूसाहेबांच्या नव्या कारखान्याची परवानगी त्याच्या सहीवर अडली होती. "तुम्ही आमच्यासारखेच शौकीन. आलो की दोघं मिळून ओढू," असं तो म्हणाल्याचं बापूसाहेब गावभर सांगत होते. आणि बापूसाहेबांचा राग म्हणजे वळवाची गारपीट. मोटारीला ओरखडा पडला म्हणून मल्हारी ड्रायव्हरचं बिऱ्हाड त्यांनी दुपारच्या आत रस्त्यावर काढलं होतं. इमामचं बिऱ्हाड बंगल्यामागच्याच खोलीत होतं, आणि लालबीला सातवा महिना लागला होता.

पानवाला विड्याची पानं ओल्या फडक्यात निजवतो, ते इमामला आठवलं. त्यानं रिकामा माठ ओल्या वाळूत बसवला, आत ओलसर फडकं अंथरलं, सिगार त्यात ठेवले आणि तोंडावर ताटली घातली. मग जाता-येता माठात हात घालून बघायचा त्याला चाळाच लागला. अन्न गोड लागेना. लालबीनं विचारलं, "लई बिघडलं का हो?" तर तो तिच्यावर खेकसला, आणि खेकसल्याचंही त्याला वाईट वाटलं.

सिगार नरमले. दोन चिरले होते, ते त्यानं पेटीत तळाशी घातले, बाकीचे वर रचले. प्रश्न राहिला मिरचीचा. हुंगून हुंगून त्याच्या नाकाला आता काहीच कळेनासं झालं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी दिवस कलायच्या सुमारास हाक आली. "इमाम! पेटी घिऊन ये."

दिवाणखान्यात बापूसाहेब एकटेच होते. रेशमी कोट घातलेला, कपाळावर घाम.

"त्यातला एक काढ. पेटव. वढ."

"मी, साहेब?"

"तूच. माझ्या म्होरं. बस त्या खुर्चीवर."

इतक्या वर्षांत इमाम त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. तो समजून चुकला. माळ्यानं नाहीतर मोलकरणीनं चुगली केली होती. आता आपल्याच हातानं आपलं पाप चाखायचं, आणि मग बिऱ्हाड उचलायचं.

रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाकडं खानसामा असताना त्याच्या थोटकांवर इमामनं सिगार ओढणं शिकून घेतलं होतं. त्यानं सिगारचं टोक कापलं. काडी लांब धरून, सिगार फिरवत फिरवत पेटवला. ओढला. आधी ओल्या मातीचा स्वाद आला, मग काकवीचा. क्षणभर इमामला हायसं वाटलं. आणि मग जिभेच्या शेंड्याला बारीकशी आग लागली. तिखट! त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बापूसाहेब पुढं वाकून त्याच्या बोटांकडं बघत होते, ओठांकडं बघत होते, पापणीसुद्धा लवत नव्हती.

"थांबलास का? वढ आजून."

इमामनं ओढला. राख गालिचावर सांडली. त्याला वाटलं, हे असं हाल हाल करून मारण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे. त्यानं सिगार रकाबीत ठेवला आणि बापूसाहेबांच्या पायांवर डोकं टेकलं.

"चुकलो, साहेब. सिगार वाळल्यात. मिरच्यांशेजारी उनात पडले व्हते. तिला ठावं नव्हतं, मीच सांगितलं न्हाई. मला काय बी करा, पर पोटुशी बाई हाय, तिला रस्त्यावर काढू नका."

बापूसाहेब उठले. दारापर्यंत गेले, बाहेर डोकावले, दार लोटलं आणि आतून कडी घातली. भिंतीवरच्या चाबकाकडं इमामची नजर गेली. त्यानं डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा बापूसाहेब त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. रेशमी कोटासकट. पेटीतला दुसरा सिगार काढून त्यांनी तो इमामसारखाच बोटांत धरला होता.

"मिरचीचं ऱ्हाऊ दे रं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "धूर गिळला न्हाईस तू, त्यो तोंडात कसा धरलास त्येवढं परत दाव. लवकर! मोटार येतीया, आन् म्या जल्मात कंदी सिगार वढल्याला न्हाई."