बाकड्यावरून वाचता आलं पाहिजे

"हा घ्या नाना. सगळं एकाच पडद्यात. डबा नाही की वायरींचं जंजाळ नाही," म्हणत नवीननं तिसरा कॉम्प्युटर टेबलावर मांडला. धुळ्यातलं हे दुकान त्याचंच होतं आणि बोलण्यात तो कुणाला हार जात नसे.

जीवरामनाना पाच पावलं मागे गेले, भिंतीजवळच्या बाकड्यावर बसले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. "मोहिनी, लाव पत्रिका."

शिंदखेड्याच्या त्यांच्या छापखान्यात कॉम्प्युटरचं काम थोरली सून मोहिनीच बघायची. तिनं पेनड्राइव्ह लावला. धाकट्या योगराजच्या लग्नाची पत्रिका पडद्यावर आली.

"नाही दिसत. दुसरा काढा," नाना म्हणाले.

"अहो, बाकड्यावर बसून कोण काम करतं?" नवीन वैतागला.

"काम ही करते. छापखान्यात बाकड्यावर गिऱ्हाईक बसतं."

खरंच होतं ते. लग्नपत्रिका छापायला एकटं कोणी येतं का? आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर जीप भरून येतं, छापण्याआधी एकेक नाव तपासतं. पुढचे दोघे वाचतात, मागच्यांना ढिम्म दिसत नाही, आणि माना मात्र सगळेच डोलावतात. चार वर्षांपूर्वी, मोहिनीच्या लग्नाच्या वेळी, नानांच्या घरच्यांनीही अशाच माना डोलावल्या होत्या. पत्रिका छापून वाटून झाली, तेव्हा कळलं की सख्ख्या थोरल्या बहिणीचं, सुंदरबाईंचं, नावच राहिलं. तालुक्याच्या पत्रिका छापणारा माणूस, आणि घरात हा घोटाळा! अक्का लग्नाला आल्या नाहीत. देवपुरात राहायच्या, इथून दहा मिनिटांवर, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. आता या लग्नाला त्या यायलाच हव्या होत्या. नानांच्या जिवाला दुसरा घोर नव्हता.

नवीननं कुरकुरत एक डबा आणि भला मोठा पडदा जोडला. नानांनी बाकड्यावरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धडाधड वाचलं.

"चला, जमलं," नवीन म्हणाला.

नाना उठले नाहीत. त्यांनी फोन काढला. बहिणीशी ते अहिराणीतच बोलत.

"अक्का, मी जीवराम बोलस. धुळ्यात नवीनना दुकानमा शे. कॉम्प्युटर लेवाना शे. तू दखाले ये."

पलीकडून फोन बंद झाला. "बघायला ये म्हटलं, तर फोनच ठेवला," नाना म्हणाले. मोहिनीनं त्यांना पाणी दिलं.

अर्ध्या तासानं दारात रिक्षा थांबली. अक्का आल्या, कुणाशी न बोलता बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मोहिनी लगबगीनं पाया पडली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती आतेसासूला बघत होती.

अक्का पत्रिका वाचू लागल्या. ओठ हलत होते. निमंत्रकांत पहिलंच नाव त्यांचं होतं. त्या तिथं थांबल्याच नाहीत, पार खालपर्यंत गेल्या.

"जीवराम, पुन्हा चुकना तू."

नानांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "अक्का, तुन्हं नाव त पहिलंच शे!"

"मन्हं शे. ह्या पोरनं नाव कोठे शे?"

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. सत्तावीस नावं टाइप करताना मोहिनी स्वतःचंच विसरली होती. "अगं बाई!" म्हणत ती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मग हाच ना?" नवीननं बिलबुक उघडलं.

"थांब रे भाऊ." अक्का सरकत सरकत नानांना खेटून बसल्या, बाकड्यावरूनच पडद्याकडे बघत. "पहिले तिले तिन्हं नाव लिखू दे. मी आठून दखस."