नाक हलकं

आईला हाताशी धरून लिनेटने कपडे धुण्याचं मशीन ट्रेलरच्या अगदी शेपटाशी ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत क्लेम, तिचा बाप, चहा पीत बसला होता. तो जागचा हलला नाही.

दूर पश्चिमेला कालगुर्लीच्या खाणीत नोकरी लागल्याचं सांगितल्यापासून तो तिच्याशी फक्त वाऱ्यापावसाचं बोलत होता. आज निघायचा दिवस, आणि तो खिडकीआड. त्याच्याशी न बोलता नलारबोरचं माळरान ओलांडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. निघण्याआधीच तिला त्याची आठवण यायला लागली होती.

तिने छोटा फ्रीजही मागेच ढकलला. त्यावर जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांचं खोकं. पुढे नुसत्या उशा.

जाळीचं दार धाडकन आपटलं.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" क्लेम तरातरा अंगणात आला. सगळा जन्म सेडूनाच्या किनाऱ्यावर ट्रेलरवरून होडी ओढून नेण्यात गेलेला. असला ट्रेलर त्याला बघवेल कसा? "शेपूट जड, नाक हलकं! समोरून एक रोड ट्रेन, तो तीन-तीन डब्यांचा ट्रक, गेली की नुसत्या वाऱ्याने हे डुलायला लागेल आणि तुझ्या गाडीलाही लोळवेल. कोणी शिकवलं तुला?"

"तूच की, डॅड."

"मी असं शिकवलं?"

"खिडकीतून नीट दिसत होतं ना?"

क्लेमने बायकोकडे पाहिलं. ती घाईघाईने उशा उचलायला लागली.

सगळं उतरवून पुन्हा भरलं. जड सामान खाली, चाकांच्या जरा पुढे, उशा-गाद्या मागे. कोणी काय धरायचं हे बापलेकीला विचारावं लागत नव्हतं.

"तरी डुललाच तर?"

"ब्रेकवर पाय द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग हळूहळू उतरू द्यायचा. होतो शांत."

"तुझ्यासारखाच म्हणायचा."

क्लेम हसला नाही. लिनेटने ट्रेलरची पुढची दांडी उचलून पाहिली. भार अगदी बरोबर होता. मग त्याने उचलली.

"नाक हलकंच आहे अजून."

तो घरामागे गेला. बराच वेळ पान्याचा आवाज येत राहिला. परत आला तो छातीशी आपल्या होडीचं इंजिन धरून. जुन्या घोंगडीत गुंडाळून त्याने ते फ्रीजच्या पुढे आडवं ठेवलं आणि पट्ट्याने आवळायला घेतलं.

"डॅड, कालगुर्लीत समुद्र नाही."

"ठाऊक आहे." तो पट्टा ताणत राहिला. "नाताळात मला मासे धरायला जायचंय. तोवर आणून दे."

लिनेटने पुन्हा दांडी उचलली. जरा जडच लागली.

"हं," ती म्हणाली, "आता बरोबर झालं."