कूमला नाही म्हणत नाहीत

आमच्या सर्बियात लग्नात तुमच्या बाजूने साक्षीला उभा राहतो तो कूम. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कूमला नाही.

माझा कूम वुकाशिन सहा महिने मागे लागला होता. "सोड रे ते बेलग्रेड! इकडे सोंबोरला ये. आमच्याच दवाखान्यात दातांच्या डॉक्टरची जागा आहे. पोरं सायकलने शाळेत जातील, तू दुपारी घरी जेवशील." शेवटी बायकोने पक्की नोकरी सोडली, आम्ही राहतं घर विकलं आणि आलो.

पहिल्याच संध्याकाळी तो घरी गाळलेल्या राकियाची बाटली घेऊन दारात हजर. कडकडून मिठी मारली. "आलास बाबा! जीव भांड्यात पडला माझा."

"उद्या नदीवर मासे खायला जाऊ," मी म्हणालो.

"उद्या नाही जमायचं रे. सामान बांधायचंय."

"कुणाचं?"

"आमचं. बेलग्रेडला नोकरी मिळालीय. पण बदली डॉक्टर आणून दिल्याशिवाय इथला मालक सोडेना." त्याने माझा ग्लास भरला. "किती जणांना विचारलं, सगळे नाही म्हणाले. मग म्हटलं, ज्याला नाही म्हणता येणार नाही, त्यालाच विचारू."